पोष्य आणि पोषक : घटस्फोटानंतर मुलांचा खर्च आणि प्राप्तिकर

कलिकालसर्वज्ञ श्री हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांतील पहिलाच गुण ‘न्यायसंपन्न विभव’, म्हणजे न्यायाने मिळविलेले धन. पुढे ‘आयोचित व्यय’, म्हणजे उत्पन्नाला साजेसा खर्च, हा गुण येतो. आणि त्याच मालिकेत ‘पोष्यपोषक’ हाही गुण येतो. ज्यांचे पोषण करणे आपले कर्तव्य आहे त्यांचे पोषण करणारा, असा त्याचा अर्थ. पती-पत्नीचे नाते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपुष्टात येऊ शकते. परंतु पोष्य असलेल्या अपत्याचे नाते कोणत्याही हुकूमनाम्याने संपत नाही. कायद्याचीही भूमिका हीच आहे.

आपल्या समाजात घटस्फोट हा विषय अजूनही हलक्या आवाजात बोलला जातो. त्याचा एक परिणाम असा, की विभक्त होणाऱ्या कुटुंबाला भावनिक धीर देणारे पुष्कळ भेटतात; परंतु ‘मुलीच्या नावावरच्या ठेवीचे व्याज यापुढे कोणाच्या विवरणपत्रात दाखवायचे?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर देणारा क्वचित भेटतो. मग गैरसमजांवर व्यवहार चालतो. पोटगी भरणाऱ्या वडिलांना वाटते, की ही रक्कम उत्पन्नातून वजा होईल. आईला वाटते, की मुलाच्या नावावरच्या पैशाशी कराचा संबंध नाही. दोघांचाही समज चुकीचा असतो, आणि तो उघडकीस येतो तेव्हा नोटीस आलेली असते.

मूल म्हणजे करसवलत नव्हे

ज्यांची मुले-मुली अमेरिकेत स्थायिक आहेत अशी अनेक कुटुंबे आपल्या परिचयात असतात. तेथे घटस्फोटानंतर ‘मुलाला विवरणपत्रात कोणी दाखवायचे’ हा वादाचा मोठा मुद्दा असतो, कारण त्यावर थेट करसवलत मिळते. २०२५ या वर्षासाठी ती प्रत्येक पात्र मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत आहे. सर्वसाधारण नियमानुसार, वर्षातील अधिक रात्री मूल ज्या पालकाकडे राहते त्याला हा हक्क मिळतो, आणि तो पालक ‘फॉर्म ८३३२’ भरून तो दुसऱ्याला देऊ शकतो. मुलासाठी दिलेली रक्कम तेथे देणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही आणि घेणाऱ्याचे उत्पन्नही ठरत नाही.

भारतात अशी सवलत आज नाही. १९५० च्या दशकात विवाहित व अविवाहित यांच्या करमुक्त मर्यादा वेगळ्या होत्या आणि मुलांचाही विचार त्यात होत असे. ती व्यवस्था पुढे रद्द झाली. आज आपल्या कायद्यात मूल ‘दाखविल्याने’ कर कमी होत नाही. उलट, मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते आणि कर वाढू शकतो. म्हणजे अमेरिकेतील पालक ‘मूल माझ्या विवरणपत्रात’ म्हणून भांडतात, तर आपल्याकडे ‘मुलाचे व्याज तुझ्या विवरणपत्रात’ म्हणून भांडण होण्याचा संभव असतो. परदेशातील नातेवाइकाने दूरध्वनीवरून दिलेला सल्ला येथे लागू पडत नाही तो यामुळे.

व्याज कोणाच्या उत्पन्नात?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ६४(१अ) या विषयाच्या मुळाशी आहे. (१ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, येथे परिचित क्रमांक दिले आहेत.) अज्ञान मुलाचे उत्पन्न आई किंवा वडील यांच्यापैकी एकाच्या उत्पन्नात मिळवावे, असे हे कलम सांगते. विवाह कायम असेल, तर ज्या पालकाचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात. आणि विवाह कायम नसेल, तर त्या आर्थिक वर्षात जो पालक मुलाचा सांभाळ करतो त्याच्या उत्पन्नात. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कला-कौशल्याने मिळविलेले उत्पन्न, तसेच कायद्यात नमूद केलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न यांना हा नियम लागू नाही.

येथे ‘विवाह कायम असणे’ हे शब्द नीट वाचले पाहिजेत. वेगळे राहणे म्हणजे विवाह संपणे नव्हे. कुटुंब न्यायालयात अर्ज प्रलंबित असेल, पती-पत्नी पाच वर्षे निरनिराळ्या शहरांत राहत असतील, तरी घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत विवाह कायमच असतो. तोपर्यंत मुलाचे उत्पन्न जास्त उत्पन्न असलेल्या पालकाकडेच जाते, मग मूल कोणाकडेही राहत असो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबात अकरा वर्षांची मुलगी आहे. आजोबांनी तिच्या नावे १० लाख रुपयांची मुदत ठेव केलेली आहे आणि त्यावर वर्षाला ७ टक्के दराने ७०,००० रुपये व्याज मिळते. वडिलांचे करपात्र उत्पन्न १८ लाख, आईचे ७ लाख. पती-पत्नी विभक्त राहतात, मुलगी आईकडे आहे, पण निकाल लागलेला नाही. अशा स्थितीत हे ७०,००० रुपये वडिलांच्या उत्पन्नात धरावे लागतील. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीनुसार त्यांना या रकमेवर २० टक्के कर आणि ४ टक्के उपकर मिळून १४,५६० रुपये भरावे लागतील. जुनी करप्रणाली निवडली असेल, तर कलम १०(३२) प्रमाणे प्रत्येक मुलामागे मिळणारी १,५०० रुपयांची सूट वजा होऊन उरलेल्या ६८,५०० रुपयांवर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे २१,३७२ रुपये कर होईल. नव्या करप्रणालीत ही १,५०० रुपयांची सूट नाही.

आता समजा, घटस्फोट झाला आणि मुलीचा सांभाळ आई करते. पुढील वर्षापासून तेच व्याज आईच्या उत्पन्नात मिळेल. तिचे उत्पन्न ७ लाख ७० हजार होईल. नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीचे साधारण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास मिळणाऱ्या रिबेटमुळे तिला काहीच कर पडणार नाही. ठेव तीच, मुलगी तीच, व्याजही तेच. केवळ विवाहाची कायदेशीर स्थिती बदलली आणि वर्षाला १४,५६० रुपयांचा फरक पडला.

परंतु हा बदल आपोआप सुरळीत होतो असे मानू नये. याच कलमात पुढे अशी तरतूद आहे, की मुलाचे उत्पन्न एकदा एका पालकाच्या उत्पन्नात मिळवले गेले, की पुढील वर्षांत ते दुसऱ्या पालकाच्या उत्पन्नात घ्यायचे झाल्यास कर निर्धारण अधिकाऱ्याने त्या दुसऱ्या पालकाचे म्हणणे ऐकून तसे करणे आवश्यक असल्याची खात्री करून घ्यावी. अर्थात, बदलाला सबळ कागद हवा. घटस्फोटाचा हुकूमनामा आणि त्यातील मुलाच्या ताब्याविषयीचे व सांभाळाविषयीचे स्पष्ट वाक्य, हाच तो कागद.

सांभाळ करतो म्हणजे काय?

कायद्याने ‘ताबा’ हा शब्द वापरलेला नाही. ‘सांभाळ’ हा शब्द वापरला आहे. मूल आईकडे राहते, तिच्या हातचे जेवते, आजारी पडल्यावर रात्र ती जागते; परंतु शाळेचे शुल्क, वैद्यकीय विमा आणि दरमहा ठरलेली रक्कम वडील देतात. मग सांभाळ करणारा कोण? दोघेही ‘मी’ म्हणू शकतात, आणि व्याज मोठे असेल तर दोघेही ‘ती’ किंवा ‘तो’ म्हणू शकतात. हा वाद मिटविण्याची योग्य जागा प्राप्तिकर कार्यालय नव्हे, तर परस्परसंमतीच्या घटस्फोटातील संमतीच्या अटींचा मसुदा होय. ‘मुलीचा दैनंदिन सांभाळ आई करील आणि मुलीच्या नावावरील गुंतवणुकीचे उत्पन्न आई आपल्या विवरणपत्रात दाखवील’ हे एक वाक्य पुढील सात-आठ वर्षांचा प्रश्न सोडविण्यास बरेच साहाय्य करते. वकील ताबा, भेटीचे दिवस आणि पोटगी यांवर लक्ष देतात. कराचे वाक्य लिहिण्याची आठवण बहुधा कोणालाच राहत नाही. ते वाक्य पक्षकारांनी स्वतः मागून घ्यावे.

दिलेली रक्कम वजा होते काय?

मुलांसाठी व पत्नीसाठी दिलेली रक्कम देणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. याविषयीचा निर्णय जुना आणि मुंबईशी निगडित आहे. सीतलदास तीरथदास या करदात्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यानुसार पत्नी व मुलांना निर्वाहासाठी दिलेले एका वर्षाचे १,३५० आणि दुसऱ्या वर्षाचे १८,००० रुपये उत्पन्नातून वजा मागितले. सर्वोच्च न्यायालयाने न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालपत्राद्वारे ते नाकारले. उत्पन्न प्रथम करदात्याच्या हाती आले आणि मग त्याने ते आपले कर्तव्य पार पाडण्यासाठी खर्च केले; हा उत्पन्नाचा विनियोग आहे, उत्पन्न मुळातच दुसऱ्याकडे वळणे नव्हे, असा त्याचा आशय होता.

या निर्णयात ज्या आधीच्या खटल्याचा ऊहापोह झाला, तो बंगालमधील अजीमगंज येथील प्रसिद्ध जैन जमीनदार घराण्याचा, राजा बिजयसिंह दुधोरिया यांचा होता. त्यांच्या सावत्र आईला द्यावयाच्या मासिक निर्वाह रकमेचा बोजा न्यायालयाने थेट त्यांच्या मालमत्तेवर ठेवला होता. म्हणून १९३३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती रक्कम त्यांचे उत्पन्नच नाही असे ठरविले. दोन्ही खटल्यांत पैसा कुटुंबातील पोष्य व्यक्तीलाच गेला. फरक एवढाच, की एका ठिकाणी तो मालमत्तेच्या उत्पन्नातून मुळातच वेगळा झाला होता आणि दुसऱ्या ठिकाणी करदात्याने मिळवून मग दिला होता. पगारदार किंवा दुकानदार वडिलांची स्थिती बहुतेक सर्व वेळा दुसऱ्या प्रकारची असते. म्हणून दरमहा २०,००० रुपये देण्याचे ठरविताना ते कर भरून उरलेल्या पैशांतून द्यायचे आहेत, हे गृहीत धरूनच आकडा मान्य करावा. उगाच मोठा आकडा मान्य करून चार महिन्यांत थकविण्यापेक्षा, नियमित देता येईल असा आकडा प्रामाणिकपणे ठरविणे मुलाच्या हिताचे. ‘आयोचित व्यय’ हा गुण येथेही उपयोगी पडतो.

घेणाऱ्याच्या बाजूने पाहता, एकरकमी पोटगी आणि मासिक पोटगी यांत फरक आहे. प्रतापगढच्या राजकुमारी महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एकरकमी पोटगी भांडवली प्राप्ती ठरविली, म्हणून त्यावर प्राप्तिकर नाही. मासिक पोटगी मात्र उत्पन्न मानली. यासाठीच पत्नीसाठीची रक्कम आणि मुलासाठीची रक्कम संमतीच्या अटींत वेगवेगळ्या लिहाव्यात. ‘पत्नी व मुलांसाठी दरमहा एकूण ४०,०००’ असे लिहिले, की सारी रक्कम पत्नीची पोटगी म्हणून वाचली जाण्याची शक्यता निर्माण होते. शाळेचे शुल्क वडिलांनी थेट शाळेच्या खात्यात भरावे असे ठरविल्यास तर अधिक उत्तम. हिशेबही स्वच्छ राहतो आणि ‘पैसे दिले’ – ‘मिळाले नाहीत’ हा वादही उरत नाही.

घटस्फोटाच्या तडजोडीत घर किंवा ठेव पत्नीच्या नावे केली, तर त्याचे उत्पन्न पुन्हा पतीच्या उत्पन्नात मिळवले जाईल काय, अशीही शंका घेतली जाते. एरवी पत्नीला मोबदल्याशिवाय दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीकडेच धरले जाते. परंतु वेगळे राहण्याच्या करारासंबंधाने केलेले हस्तांतरण कायद्याने त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. हा करार लेखी असावा, हे वेगळे सांगणे नको.

खर्च करील त्याला वजावट

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी मुलांशी निगडित काही वजावटी आहेत, आणि त्या ‘ताबा कोणाकडे’ यावर नव्हे, तर ‘पैसे कोणी भरले’ यावर ठरतात. कलम ८०क (८०सी) खाली भारतातील शाळा-महाविद्यालयातील पूर्णवेळ शिक्षणाचे शिक्षण शुल्क, प्रत्येक करदात्याच्या दोन मुलांपर्यंत, १.५ लाखाच्या एकत्रित मर्यादेत वजा होते. विकास निधी व देणगी मात्र यात येत नाही. एका मुलाच्या शुल्काचा काही भाग वडिलांनी आणि काही भाग आईने भरला असेल, तर ज्याने जेवढे भरले तेवढे त्याचे. एकच पावती दोघांनी दाखवू नये. तसे करणे चुकीचे तर आहेच, शिवाय ती चूक सापडायला वेळ लागत नाही. अवलंबून असलेल्या मुलांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता कलम ८०ड (८०डी) खाली, तर उच्च शिक्षणाच्या कर्जाचे व्याज कलम ८०इ (८०ई) खाली, ज्याने कर्ज घेतले व व्याज भरले त्याला आठ वर्षांपर्यंत वजा मिळते. नव्या करप्रणालीत, जी आता कोणी वेगळा पर्याय न निवडल्यास आपोआप लागू होते, या तिन्ही वजावटी मिळत नाहीत. म्हणून या वजावटींसाठी संमतीच्या अटींवर महिनोन्‌महिने घासाघीस करण्यात अर्थ नाही. कर वाचविण्याच्या हट्टापायी मुलाची फी रखडली, तर ते धन न्यायसंपन्न म्हणता येणार नाही.

कराचा प्रश्नच उद्भवू नये असा एक मार्गही आहे. सुकन्या समृद्धी खाते आणि भविष्य निर्वाह निधी (पीपीएफ) यांचे व्याज करमुक्त असल्याने ते कोणाच्या उत्पन्नात मिळवायचे, हा वाद राहत नाही. सुकन्या खाते मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत पालकाने उघडावे लागते, एका मुलीच्या नावे एकच खाते चालते आणि वर्षाला १.५ लाखांपर्यंत भरता येतात. विभक्त होताना असे खाते असेल, तर ते पुढे कोण चालवील आणि वार्षिक भरणा कोण करील, हेही लिहून ठेवावे. पासबुक कोणाच्या कपाटात आहे यावर मुलीचे शिक्षण अवलंबून राहू नये.

बँकेतील खात्याचे काय?

अज्ञान मुलाच्या ठेवीवर ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून बहुधा वडिलांचे नाव आणि वडिलांचाच पॅन असतो. घटस्फोटानंतर मूल आईकडे जाते. ठेव मात्र जुन्याच नोंदीवर राहते. परिणामी व्याज वडिलांच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते, उगमस्थानी करकपातही त्यांच्याच पॅनवर होते, आणि ते व्याज वास्तविक आईच्या उत्पन्नात यायचे असते. शिवाय मुदत संपल्यावर रक्कम पालनकर्त्याच्या सहीनेच काढता येते. म्हणून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेऊन बँकेत पालनकर्त्याचे नाव आणि पॅन बदलून घेणे, हे हुकूमनाम्यानंतर पहिल्या महिन्यात करण्याचे काम आहे. करकपात झालेली असेल, तर ज्या पालकाच्या उत्पन्नात व्याज मिळवले जाते त्याला त्या कपातीचे श्रेय मिळावे, यासाठी बँकेला लेखी निवेदन देण्याची सोय नियमांत आहे.

आई पालनकर्ती होऊ शकते का, हा प्रश्न आज कोणी विचारू नये. पण एके काळी तो विचारला जात असे. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी मुलाच्या नावे ९ टक्क्यांचे रिलीफ बाँड घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला आणि पालक म्हणून आईचे नाव दिले. त्यावर वडिलांची सही आणण्यास सांगण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात वडिलांच्या ‘नंतर’ आई नैसर्गिक पालक आहे असे म्हटले आहे. त्यातील ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, तर वडिलांच्या ‘अनुपस्थितीत’ असा अर्थ न्यायालयाने १९९९ मध्ये लावला. वडील मुलाची काळजीच घेत नसतील, किंवा दोघांच्या संमतीने आईकडे जबाबदारी असेल, तर वडील हयात असतानाही आई पालक ठरते. हा कायदा, तसेच १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा जैनांनाही लागू आहे.

कागदावरचे उत्पन्न

मुलाचा खर्च किती, हे ठरविताना न्यायालय आता दोघांकडूनही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र मागते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ही पद्धत देशभरासाठी घालून दिली. त्या खटल्यात पत्नीला दरमहा १५,००० आणि मुलाला आरंभी ५,००० व नंतर १०,००० रुपये मंजूर झाले होते. रक्कम २०१३ पासूनची होती; अंतिम निर्णय २०२० मध्ये आला. रांगणाऱ्या वयात ज्याचा खर्च मागितला गेला तो मुलगा तोवर शाळेत जाऊ लागला होता. याच निर्णयात निर्वाह रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार व शिक्षण यांचा समावेश करावा, असे सांगितले गेले. आईही कमावती असेल, तर शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येतो.

व्यापारी कुटुंबांनी येथे थोडे थांबून विचार करावा. विवरणपत्रात ४ लाख दाखवायचे आणि राहणीमान २० लाखांचे ठेवायचे, ही सवय संसार सुरळीत असताना कोणाला खुपत नाही. कुटुंब न्यायालयात तेच ४ लाख ‘माझी ऐपतच नाही’ म्हणून पुढे केले जातात आणि त्याची किंमत मूल मोजते. प्रतिज्ञापत्रावर खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. श्रावकाच्या दृष्टीने तो सत्य आणि अचौर्य या दोन्ही अणुव्रतांचा भंग आहे.

हिंदू अविभक्त कुटुंबाचा (एचयूएफ) विचारही यातच येतो. घटस्फोटानंतर पत्नी पतीच्या अविभक्त कुटुंबाची सदस्य राहत नाही. मुले मात्र राहतात. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही मुलाप्रमाणेच सहदायाद आहे. आईबरोबर दुसऱ्या घरी राहायला गेली म्हणून तिचा हा हक्क संपत नाही. तडजोडीच्या घाईत आईने ‘आमचा यापुढे काही हक्क नाही’ असे लिहून दिले, तरी त्याने मुलांचा हक्क जात नाही. मुलांच्या निर्वाहाचा हक्कही आईला सोडून देता येत नाही. तो हक्क तिचा नसून मुलांचा आहे.

अठराव्या वर्षी

बहुतेक संमतीच्या अटींमध्ये मुलाचा खर्च ‘सज्ञान होईपर्यंत’ असे लिहिलेले असते. अठरावे वर्ष म्हणजे नेमका बारावीनंतरचा, महाविद्यालयीन शुल्काचा काळ. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे सज्ञान झाल्यावरही तिला पालकांकडून निर्वाह मागता येतो. मुलाच्या बाबतीत तेवढा आधार नाही. म्हणून ‘पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत, शुल्काचा अमुक हिस्सा वडील व अमुक हिस्सा आई देईल’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. सात वर्षांनंतरचे शुल्क आज माहीत नसते. त्यामुळे ठरावीक रुपयांऐवजी हिस्सा लिहिणे शहाणपणाचे.

त्याच वाढदिवसापासून मुलाचे उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवणेही थांबते. ठेवीचे व्याज त्याचे स्वतःचे ठरते, अ.पा.क.ची नोंद निघते, खाते त्याच्या सहीने चालू लागते आणि गरज असल्यास तो स्वतःचे विवरणपत्र भरतो. त्या दिवशी त्याच्या हाती एक फाइल द्यावी: ठेवींच्या पावत्या, पासबुके, विम्याची कागदपत्रे, पॅन आणि हुकूमनाम्याची प्रत. आई-वडिलांचे एकमेकांशी पटले नाही, हे त्याला ठाऊकच असते. आपल्या शिक्षणाचा प्रत्येक रुपया कोठून आला आणि कोठे गेला हे त्याला त्या फाइलमधून स्वच्छ वाचता आले, तर दोघांनीही पोषकाचे कर्तव्य पार पाडले असे म्हणता येईल.